पौडला जाऊन आलो, उज्ज्वला

उज्ज्वला,

काल पौडला जाऊन आलो.

दोन वर्षं तू सांगत होतीस, "सर, एकदा जाऊन या, रुबीनाला काय ते सांगून टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे." आणि दोन वर्षं मी म्हणत होतो, पुढच्या रविवारी. रविवार काही कमी नव्हते. बावधनहून पौडला गाडी मिळते, गुडघे माझे अजून शाबूत आहेत आणि निवृत्त मास्तराला कामं ती कसली. तरी गेलो नाही. तू गेल्यावर सतराव्या दिवशी गेलो. वर्गात उशिरा येणाऱ्याला मी दाराबाहेर उभं करायचो, तुलाही एकदा केलं होतं. आता माझं काय करायचं ते तूच सांग.

तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला आणि विचारलं, "तुम्ही मगाशी काय म्हणालात?" त्या माउलीनं सगळं परत सांगितलं. साधा ताप, सहा दिवस. दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, "आवाज बसलाय सर, रविवारी बोलू." त्या रविवारी मी पौडचा विषय काढणार होतो असं लिहायला किती बरं वाटलं असतं. पण खोटं कशाला बोलू? नसता काढला.

तुझ्यावर रीतसर लिहायला तुझ्या ऑफिसात माणसं आहेत. मला कागदावर एकच गोष्ट करता येते, दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारणं. त्यातच तर सगळं बिनसलं.

अठ्ठ्याण्णव साली तू माझ्या वर्गात आलीस. मी तेव्हा पुण्यात पेठेत संध्याकाळचे जर्मनचे वर्ग घ्यायचो. परभणीहून नुकती आलेली, दिवसभर कुठल्याशा कारखान्यात टायपिंग करून दमलेली मुलगी मागच्या बाकावर बसली. मी फळा पुसायला घेतला तर मागून आवाज आला, "काय करायलात सर? मी उतरवून घ्यायलेय अजून." वर्ग हसला. मीही हसलो, ते काही शोभलं नाही. तू मात्र शांतपणे पुढे आलीस, डस्टर माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलंस आणि उभ्याउभ्या उरलेलं उतरवून घेतलंस. पुढं बारा वर्षं तू माझ्याशी तशीच वागलीस. आदर पुरेपूर, पण डस्टर काढून घ्यायचं तेव्हा घ्यायचं.

तुझा पहिला निबंध होता कुटुंबावर. त्यात तू लिहिलं होतंस की तू पुण्याला यायला निघालीस तेव्हा वडील स्टँडच्या बाहेर रस्त्यावर उभे होते, पण त्यांनी हात हलवला नाही. हात वर केला तर ड्रायव्हरला वाटेल प्रवासी आहे, आणि गाडी उगाच थांबेल. मी त्या ओळींवर तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिलं, "विषयाला सोडून." लोकांसाठी ताटकळत उभं राहणारी, पण कुणाला तोशीस नको म्हणून हातही न हलवणारी माणसं तुमच्या घरात पिढीजात आहेत, हे तेव्हा मला कुठून कळणार? मला त्यात एक चुकलेलं क्रियापद दिसलं, एवढंच.

पुढं तुला हिंजवडीला नोकरी लागली, जर्मन कंपन्यांचा पत्रव्यवहार बघायची. आईला घेऊन तू बावधनला आलीस. मीही निवृत्त होऊन बावधनला आलो, ते तूच दोन गल्ल्या पलीकडे फ्लॅट शोधून दिलास म्हणून. मी वर्तमानपत्रातल्या छापण्याच्या चुकांना खुणा करत दिवस काढत होतो. ते तुला बघवलं नाही. एका शनिवारी स्कूटर घेऊन खाली उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चला सर, चांद्याला जायचंय." हिंजवडीच्या पलीकडचं चांदे गाव. तिथल्या समाजमंदिरात तू पंधरा माणसं गोळा करून ठेवली होतीस. कंपन्यांतली काही विदर्भाकडची पोरं, जर्मनीला जायची स्वप्नं बघणारी. चांद्याचाच दत्ता, तिशीतला, कंपन्यांच्या गाड्या चालवणारा. मागच्या सीटवरचे परदेशी पाहुणे आपसात काय बोलतात ते कळावं म्हणून तो आला होता. आणि पौडच्या आतारांची रुबीना, बारावी झालेली. बाजारपेठेत त्यांचं बांगड्यांचं आणि हळदकुंकवाचं दुकान. दोन गाड्या बदलून यायची आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

दर शनिवार-रविवार तुझ्या स्कूटरवर मागं बसून मी चांद्याला जायचो. त्या वयात पुन्हा कुणीतरी आपली वाट बघतंय हे सुख तू मला दिलंस. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नाही. तुझं हेल्मेट वाकडं आहे, एवढंच म्हणायचो.

ब्लॉगचं तू काढलंस ते दोन हजार सातमध्ये. मला शब्दच माहीत नव्हता. तू सांगितलंस, इंटरनेटवरची वही आहे सर, कुणीही उघडून वाचावी अशी. प्रत्येकानं आठवड्याला एक पान लिहायचं, जर्मनमध्ये, स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या कामातलं. आधी कुणी तपासायचं नाही. लिहायचं आणि सोडून द्यायचं.

मी म्हणालो, "कच्ची वही चव्हाट्यावर ठेवणार तू? जर्मन माणूस वाचेल ते."

"वाचावी म्हणून तर ठेवायची."

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकल्या मुठीनं टाइप कसं करायचं सर?" तू म्हणालीस, आणि गाडीला किक मारलीस.

पिरंगुटच्या फाट्यापर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. त्यानंतर माझी बाजू मांडली, आणि ती बाजू मी अजून सोडलेली नाही. तुझ्या ब्लॉगवर धडाधड लिहिणारा यवतमाळचा तो मुलगा पुढं मुलाखतीत नापास झाला. चूक वेळेवर दाखवली नाही तर ती हाडीमाशी खिळते. तू म्हणायचीस, "दाखवू की सर, पण आधी त्याला काहीतरी सांगावंसं तर वाटू दे. माणसाला आधी ऐकणारा लागतो, तपासणारा मागून आला तरी चालतो." मी विचारलं, मागून म्हणजे नेमकं कधी? त्यावर तू म्हणालीस, विचार करून सांगते. ते उत्तर राहिलं आहे.

पण काय दिवस होते ते. घरी कुणाकडे कम्प्युटर नाही. पौडच्या सायबर कॅफेत जायचं तर भारनियमन. वीज यायच्या वेळा रुबीनाला तोंडपाठ. मुलं आधी हाताला लागेल त्या चिठोऱ्यावर लिहायची आणि वीज आली की पळत जाऊन टाइप करायची. दत्तानं पहिल्यांदा लिहिलं ते असं: "आमची म्हैस व्याली म्हणून मला विमानतळावर पोचायला उशीर झाला. पाहुण्यांना मी ट्रॅफिक होतं म्हणून सांगितलं. पाहुणे जर्मन होते. ते हे वाचत असतील तर माफी असावी." त्या पाच ओळींत मी अकरा चुका मोजल्या. आठवड्यानं त्याखाली एक अभिप्राय आला. लिहिणाऱ्या बाई होत्या फ्राऊ लिंडनर, जर्मनीतल्या कुठल्याशा छोट्या गावातल्या निवृत्त पोस्टमास्तरीण. त्यांनी विचारलं होतं, म्हशीचं नाव काय आणि रेडकू कसं आहे?

दत्ता वर्गात आला तो धावतच. "सर, आजीनं म्हशीचं नाव इचारलंय. म्हंजे तिला समदं कळलं की वो."

चाळीस वर्षं मी शिकवलं. असा आनंद घेऊन माझ्याकडे कुणी धावत आल्याचं आठवत नाही. तू मागच्या बाकावरून माझ्याकडे बघत होतीस, आणि मी खडू शोधत होतो.

लिंडनर आजी मग रोजच्याच झाल्या. सगळ्यांचं वाचायच्या, प्रत्येकाला काहीतरी विचारायच्या. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून पोरं शब्दकोशात डोकं घालायला लागली. मी परीक्षेची भीती घालून जे करू शकलो नाही, ते एका म्हातारीच्या कुतूहलानं केलं. तू मलाही म्हणालीस, "सर, तुम्ही लिहा ना एक पान." मी म्हणालो, मी शिक्षक आहे. खरं कारण वेगळं होतं. चाळीस वर्षं जर्मन शिकवलं, पण जर्मनमधून कुणाला काही सांगितलं असं कधी झालं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे तेच सुचेना.

तुझं ऑफिसचं काम वाढलं तेव्हा तू मला ब्लॉगचा दुसरा मालक केलंस. माझ्या घरी येऊन कम्प्युटरवर सगळं दाखवलंस, कुठं दाबलं की काय उघडतं, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंस. आपल्या दोघांना कुणाचंही पान उघडून बदलता येतं, हेही सांगितलंस. जाताना दारात थांबून म्हणालीस, "सर, लाल पेन नाही हं." मी म्हणालो, "शब्द."

हा शब्द मी नऊ दिवस पाळला.

सुरुवात किरकोळ होती. दुपारी जेवण झालं की कम्प्युटर लावायचा, एखाद्याचं चुकलेलं अक्षर नीट करायचं. कुणाला कळणारही नाही. मग वाक्यं. एक नीट केलं की शेजारचं केविलवाणं दिसायला लागतं, मग तेही. आणि वाक्यं नीट झाल्यावर माझं लक्ष मजकुराकडे गेलं. पाहुणे यायचे म्हटलं की आपण नाही का पसारा पलंगाखाली ढकलत आणि धुतलेली चादर काढत? तसंच वाटायचं मला. परदेशातलं माणूस आपलं घर बघतंय, आणि ही मुलं सगळं जसंच्या तसं उघडं टाकतायत. दत्ताची म्हैस मी काढून टाकली आणि लिहिलं, "वाहनचालकाने वेळ पाळणे महत्त्वाचे असते." शुद्ध जर्मनमध्ये. मला समाधान वाटलं, हे कबूल करतो.

आणि रुबीनाचं पान.

तिनं लिहिलं होतं, आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही भावंडांनी म्हणायचं, 'आम्ही आत्ताच चहा घेतला.' दूध सगळ्यांना पुरत नाही म्हणून. पाहुण्यांना ते खरं वाटतं. एकदा धाकटा भाऊ पाहुण्यांसमोर म्हणाला, 'मी नाही घेतला.' सगळे हसले, आईसुद्धा हसली, आणि मग आत जाऊन रडली.

त्याखाली लिंडनर आजींनी लिहिलं होतं की युद्धानंतर आमच्या घरीही असंच होतं. सहा भावंडांतल्या एकीनं पोट भरलं म्हणायचं, आणि ती बहुतेक मीच असायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते आहे.

माझ्या हातून काय होत होतं ते मला तेव्हा दिसलं कसं नाही? एक पोर पौडच्या बाजारातून बोलली, आणि सात समुद्रांपलीकडून एका म्हातारीनं तिला ओ दिली. ज्यासाठी आपण भाषा शिकवतो ते घडलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या टेबलावर. आणि मला काय वाटलं, तर लाज. घरात दूध नाही हे जगाला कशाला सांगायचं? मी ते पान पुसलं आणि लिहिलं, "आम्ही पाहुण्यांचे चहा देऊन आनंदाने स्वागत करतो. भारतीय आदरातिथ्य प्रसिद्ध आहे." खाली आजींचं उपाशी बहिणीचं पत्र तसंच राहिलं. वर माझं आदरातिथ्य, खाली त्यांची भूक. रुबीनानं ते असं पाहिलं.

ती पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुला वाटलं, घरून बंद केलं असेल. मला काही वाटलंच नाही. महिन्याभरानं आजींचा अभिप्राय आला, सगळ्यांना मिळून: "पूर्वी नाव न बघता मला कळायचं की कोण लिहितंय. आता सगळं एखादे वयस्कर गृहस्थ लिहीत असावेत असं वाटतं. मुलं बरी आहेत ना?"

तू तो छापून घेऊन माझ्याकडे आलीस. चप्पलसुद्धा काढली नाहीस. कागद माझ्यासमोर धरून विचारलंस, "सर, किती पानं?"

मी म्हणालो, "जवळजवळ सगळी."

"मुळातलं ठेवलंय कुठं?"

नव्हतं ठेवलं. वहीत खोडलं तर खालचं निदान दिसतं. इथं वरून लिहिलं की खालचं गेलं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ठेवलं असतं असं नाही. तू खुर्चीत बसलीस आणि बराच वेळ खिडकीतून चांदणी चौकाकडची वाहनं बघत राहिलीस. तू ओरडशील म्हणून मी तयारीत होतो, माझी उत्तरं तयार होती. तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "तुम्हाला ती मुलं आवडत नाहीत का हो?"

आवडायची, उज्ज्वला. दत्ताची म्हैस मला अजून आठवते. पण आवडणं आणि सुधारणं यांत मला कधी फरक करता आला नाही. माझ्या वडिलांनाही यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तू ब्लॉगवर लिहिलंस: "तुमची काही पानं आम्ही न विचारता बदलली. चूक आमची आहे. कृपया पुन्हा लिहा." त्या 'आम्ही'मध्ये मी लपलो. मुलांना ठाऊक होतं की ब्लॉग मॅडमचा, बदलायची सोय मॅडमकडे. दत्तानं हसून म्हैस परत बांधली. बाकीच्यांनीही मनावर घेतलं नाही. रुबीना तेवढी आली नाही. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, ती म्हणते, मॅडमनीच लिहा म्हटलं आणि मॅडमनीच पुसलं.

मला वाटलं, आता तू तिला माझं नाव सांगशील. सांगितलं नाहीस. तू मला म्हणालीस, "सर, मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तुम्ही सांगितलंत तर माफी होईल. जाऊन या." आणि मी म्हणालो, पुढच्या रविवारी.

का गेलो नाही? पेठेतला नामांकित मास्तर, त्यानं एकोणीस वर्षांच्या पोरीपुढं, बांगड्यांच्या दुकानात उभं राहून चुकलो म्हणायचं. एवढंच. दुसरं कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही. आधी तू महिन्या-दोन महिन्यांनी आठवण करून द्यायचीस, मग दिवाळीच्या सुमारास एकदा. गेल्या दिवाळीला दिली नाहीस. मला वाटलं, विसरलीस. सुटलो असं वाटलं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो होतो. दारात, चपलांच्या शेजारी, रुबीना उभी. वडिलांबरोबर आली होती. आत यायला तयार नव्हती. मला बघून म्हणाली, "मी मॅडमशी दोन वर्षं बोलले न्हाई सर. आता काय करू?"

तिथं, त्या क्षणी सांगता आलं असतं. तुझी आई आत होती, तुझा फोटो समोर होता. मी चपलांकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "आत ये, पाणी घे." घरी आल्यावर मला माझीच किळस आली. चौदा दिवस लागले तरीही.

काल दुकानात तिचे वडील एकटेच होते. मला बघून उठले, स्टूल पुढं केलं. "या सर. तुमी मॅडमचे सर न्हवं? मॅडम लई यायच्या हितं. म्हैन्याला एक चक्कर ठरल्याली. डझनभर बांगड्या घ्यायच्या. मी म्हनायचो, मॅडम, हातात तर एक बी दिसत न्हाई तुमच्या. नुसत्या हसायच्या. मंग इचारायच्या, रुबीना हाय का? पोरगी नेमकी घरात नसायची बगा."

मी स्टुलावर बसलो ते बसलोच. तू जात होतीस. मला 'जाऊन या' म्हणायचीस आणि स्वतः मात्र न सांगता जायचीस, दर महिन्याला, दोन वर्षं. तुझ्या हातात मी घड्याळाशिवाय कधी काही पाहिलं नाही.

रुबीना आतून आली. सलाम केला, काचेच्या बांगड्या लाकडी दांड्यावर ओवायला लागली. मी मनात वाक्यं जुळवून आलो होतो, चांगली शुद्ध वाक्यं. ती सगळी गेली. मी म्हणालो, "रुबीना, तुझं पान मॅडमनी बदललं नव्हतं. मी बदललं."

तिचे हात चालूच होते. ओवता ओवताच म्हणाली, "मला वाटलं, मॅडमला आमच्या घराची लाज वाटली."

"लाज मला वाटली. तिला नाही."

"मॅडमला म्हाईत होतं? तुमी केलं ते?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाई त्यांनी?"

"मी सांगावं म्हणून थांबली होती."

तिचे वडील म्हणाले, "जाऊ द्या सर, झालं गेलं. पोर हाय ती." रुबीना म्हणाली, "अब्बा, तुमी नगा बोलू." मग मला विचारलं, "मी लिवलेलं हाय का कुटं?" मी नाही म्हणालो. तिनं मान हलवली आणि दांडा भिंतीला अडकवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. म्हणावं असं मीही सुचवलं नाही. एवढं तरी मी शिकलो आहे.

स्टँडवर येऊन गाडीची वाट बघत उभा राहिलो. ती मागून आली. डोळे पुसून आली होती, पण पुसून भागलं नव्हतं.

"सर, तुमी मॅडमवर काय लिवनार असला तर एक लिवा. मी सांगते तसंच लिवा, बदलू नगा."

मी म्हणालो, नाही बदलणार.

"त्या दुकानात यायच्या तवा अब्बा सांगायचे, रुबीना घरात न्हाई. मीच सांगायला लावायची. मी असायची. दाराच्या मागंच असायची. त्या पायरी उतरून जाईपत्तोर उभी राह्यची. त्या अब्बांना इचारायच्या, मला हाक न्हाई मारली कधी. एकदा जरी रुबीना म्हनून हाक मारली असती, तर मी आले असते."

गाडी आली. मी चढलो. पिरंगुट येईपर्यंत मला कळत नव्हतं, तू हाक का मारली नसशील. मग कळलं. हाक मारली असतीस तर ती बाहेर आली असती. बाहेर आली असती तर तिनं विचारलं असतं, मॅडम, का बदललं? आणि तुला माझं नाव सांगावं लागलं असतं. म्हणून तू बांगड्या घेत राहिलीस आणि मी जाईन याची वाट बघत राहिलीस.

तिचा निरोप तिच्याच शब्दांत वर लिहिला आहे. एक अक्षर बदललेलं नाही. ती आतच होती, उज्ज्वला. दर वेळी.